परतवाड्याचा पदातिक : गो. नी. दांडेकर आणि वऱ्हाड

गोपाळ नीळकंठ दांडेकर हे नाव काढले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतो तो सह्याद्री. राजगड, राजमाची, तुंग, पवनेचे खोरे, कोकणातली खाडी, आणि तळेगाव दाभाड्याचे त्यांचे घर. एम. ए.च्या वर्गात ‘गोनीदा मूळचे कुठले?’ असे विचारले, तर उत्तर येते ‘मावळातले’. एखादा चुणचुणीत विद्यार्थी ‘कोकणातले’ म्हणतो. हा वर्ग वऱ्हाडातला असतो, आणि मुलांपैकी काही जण अचलपूर किंवा अंजनगावहून एस. टी.ने आलेली असतात, हे विशेष. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत मात्र नोंद स्वच्छ असते : जन्म ८ जुलै १९१६, परतवाडा, जिल्हा अमरावती. या एका ओळीपुढे परतवाडा संपतो आणि सह्याद्री सुरू होतो.

ही एक ओळ थोडी उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ‘आमचाच माणूस’ असा दावा सांगण्यात आम्हांला रस नाही. लेखकांच्या जन्मगावांवरून चालणारे वाद पुष्कळ झाले. पण ज्याने आयुष्यभर पायी चालून लिहिले, त्याच्या पायांना चालण्याची सवय कुठल्या मातीत लागली, हा प्रश्न वाङ्मयाचा आहे आणि इतिहासाचाही.

परतवाडा हे गाव वऱ्हाडातल्या इतर गावांसारखे नाही. शेजारचे अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, ही वऱ्हाडची जुनी राजधानी. परतवाडा ही तिच्या अंगाला वसलेली लष्करी छावणी. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य इथे असे. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तो या सैन्याच्या खर्चापायीच. १९०३ मध्ये हे सैन्य हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे गोनीदांचा जन्म झाला तो सैनिकी वैभव ओसरत चाललेल्या गावात. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, तिच्या पलीकडे मेळघाट, बाजारात लाकडाच्या वखारी आणि डोंगरातून उतरलेले कोरकू. वर गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी तो घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. त्याआधी सोळाच दिवस, २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर भोसल्यांची फौज मोडली होती. पुढे वॉटर्लू जिंकणारा सेनापती या काळ्या मातीतून चालून गेला, याची आठवण आमच्या जिल्ह्यांत फारशी कोणी काढत नाही. दुर्ग म्हटले की आम्हीही पश्चिमेकडेच पाहतो!

या पार्श्वभूमीवर एक मुलगा वयाच्या बारा-तेराव्या वर्षी शाळा टाकून घराबाहेर पडतो, स्वातंत्र्याच्या लढ्यात जायचे म्हणून. ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द आज सरकारी झाला आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ मध्ये, निवृत्तिवेतनाची योजना आली, ताम्रपट आले, अर्जाचे नमुने आले, आणि त्या शब्दातला सैनिक कागदावर स्थिरावला. पण १९२९-३० च्या सुमारास घर सोडणाऱ्या पोराला ना पलटण होती, ना पगार, ना परतीचा पत्ता. त्या सैनिकाजवळ असत ते फक्त पाय. त्या वर्षांत वऱ्हाडात काय चालले होते ते पाहिले की या चालण्याचा अर्थ लागतो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे समुद्राविना झाला. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून लोकांनी मीठ केले. त्याच जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. जिथे समुद्र नाही तिथे विहीर, आणि मिठाचा कायदा मोडून भागले नाही तिथे जंगलाचा. जमिनीत जे असेल त्यातून लढा उभा करायची ही रीत आहे. गोनीदांनी पुढे कादंबऱ्या लिहिल्या त्या काहीशा याच रीतीने : प्रत्येक ठिकाणी त्या मातीत जे असेल, जी बोली असेल, तीच घेऊन.

लढ्याच्या वाटेवरून हा मुलगा जिथे पोचला ते ठिकाण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे गाडगेमहाराज. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म २३ फेब्रुवारी १८७६. बालपण गेले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला, मामाच्या घरी, पूर्णेच्या काठावर गुरे राखण्यात आणि शेतात राबण्यात. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि भिक्षेला, पाण्याला व कधी डोक्यावर पालथे घालायलाही तेच एक मातीचे गाडगे. गावात शिरायचे, काही न बोलता रस्ता झाडायला लागायचे, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. गोनीदा या माणसाच्या सोबत राहिले, त्यांचा संदेश घेऊन गावोगाव हिंडले.

या सहवासाचा उल्लेख चरित्रपर लेखांत भक्तिभावाने येतो आणि तिथेच थांबतो. गोनीदांच्या लेखनाच्या दृष्टीने त्यातून दोन गोष्टी निघतात, असे आमचे मत आहे. पहिली चालण्याविषयीची. गाडगेबाबांचे हिंडणे हे यात्रेकरूचे नव्हते. तीर्थाच्या गावीही ते देवळात न जाता बाहेर झाडीत, धर्मशाळा उभ्या करीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ही त्यांचीच. म्हणजे पाय चालत ते देवासाठी नव्हे, वाटेवरच्या माणसांसाठी. गोनीदा गडावर जात, तेव्हा त्यांच्या लेखी गडाचे दगड आणि गडाखालची वाडी ही दोन निरनिराळी ठिकाणे नव्हती. ‘दुर्गभ्रमणगाथा’ उघडून पाहावी. तटाबुरुजांइतकीच जागा तिथे वाटेवर भेटलेल्या माणसांना आहे.

दुसरी गोष्ट कानाची. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे अस्सल वऱ्हाडीत केलेले प्रश्नोत्तर. बाबा प्रश्न टाकत, हजारांचा समुदाय उत्तर देई, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. शिक्षितांच्या व्याख्यानाची वाक्यरचना तिथे औषधालाही नसे. ज्या तरुणाने रात्रीमागून रात्री हे कीर्तन ऐकले, त्याला गद्य हे मुळात बोललेले असते, हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि घरातली पुढची पिढी यांनी सत्तरच्या दशकापासून कित्येक वर्षे केले, आणि ते लोकांनी दाद देत ऐकले. मराठीत उत्तम कादंबऱ्या पुष्कळ आहेत. पण मोठ्याने वाचली असता सभागृह धरून ठेवील अशी कादंबरी विरळा. याचे श्रेय वाचणाऱ्यांना आहेच. पण वाक्ये आधीच कानासाठी रचलेली होती, आणि त्या कानाची शाळा पूर्णेच्या काठची होती, असे म्हणायला आम्हांला संकोच वाटत नाही.

गाडगेमहाराजांवर गोनीदांनी पुस्तक लिहिले. प्रबोधनकार ठाकरे यांचेही त्यांच्यावरचे चरित्र आहे, १९५२ चे. दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांनी करावा. एकाच माणसाकडे एक समाजसुधारक पाहतो आणि एक वाटसरू पाहतो. ज्या विद्यापीठात आम्ही शिकवतो त्याला २००५ पासून संत गाडगेबाबांचे नाव आहे. तेव्हा हा प्रयोग इतर कुठे नाही तरी इथे व्हायला हरकत नसावी.

गाडगेबाबांनंतरचा टप्पा वेदान्ताच्या अभ्यासाचा आणि नर्मदेचा. परिक्रमेचा नियम असा की नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र ओलांडायचे नाही, आणि जे सदावर्तात मिळेल ते खायचे. या चालण्यातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. तिच्यातली यशोदा वाचणाऱ्याला विसरता येत नाही. भूगोलाची एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे. नर्मदा सातपुड्याच्या उत्तर अंगाने वाहते. परतवाडा त्याच सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी. म्हणजे ज्या डोंगराच्या एका बाजूला हा माणूस जन्मला, त्याच डोंगराला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूने चालत होता. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कामातही त्यांची काही वर्षे गेली, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तळेगाव दाभाड्याला स्थिरावून त्यांनी लेखणीवर जगायचे ठरवले. शाळा अर्ध्यात सोडलेल्या, नोकरी नसलेल्या गृहस्थाने केवळ लिहून संसार करायचा, हा निर्णय त्या काळी घर सोडण्याइतकाच धाडसाचा होता.

‘शितू’ आली १९५३ मध्ये, ‘पडघवली’ आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ १९५५ मध्ये, ‘माचीवरला बुधा’ १९५८ मध्ये. इथून ‘कोकण-मावळचे प्रादेशिक कादंबरीकार’ हा शिक्का बसला तो बसलाच. या शिक्क्याखाली एक पुस्तक दबून गेले : ‘पूर्णामायची लेकरं’. ही कादंबरी वऱ्हाडची, पूर्णाकाठची, आणि वऱ्हाडी बोलीत लिहिलेली.

पूर्णा सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा असे जिल्हे ओलांडून चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर पसरलेला पट्टा म्हणजे खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कापूस-ज्वारीला चांगली. पण विहीर खणली की लागते ते खारे पाणी. वर सोने आणि खाली मीठ, असा हा प्रदेश. दहीहांड्याला मीठ निघाले ते याच पाण्यातून. अशा नदीला माय म्हणणाऱ्या लोकांची बोली ही भावुक चित्रे रंगवायला फारशी सोयीची नाही. ‘ळ’चा ‘य’ करणारी, ‘मले-तुले’ म्हणणारी, ‘येजो-जाजो’ असे आर्जवी आज्ञार्थ वापरणारी ही बोली मूळची उपहासाची, तिरकस. दुःख सांगतानाही ती एक डोळा मिचकावते. सह्याद्रीच्या कादंबऱ्यांत गोनीदांचे गद्य पुष्कळदा गहिवरते. वऱ्हाडीत शिरले की बोलीच गहिवराला आडवी येते, आणि त्यामुळे लेखन सावरते.

इथे तुलना अपरिहार्य आहे ती उद्धव शेळके यांच्या ‘धग’शी. ‘धग’ आली १९६० मध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या एका शिंपी कुटुंबाची, कौतिक नावाच्या बाईची ही कथा. नवरा महादेव, त्याचा नाकर्तेपणा आणि पुढे त्याला जडलेला महारोग, पोरांची शिक्षणे, रोजची चूल. शेळक्यांनी ‘धग’मध्ये निसर्गाला जवळजवळ जागाच दिली नाही, कौतिकला डोंगराकडे पाहायला सवड नाही. स्पष्टच सांगायचे तर ‘धग’ ही श्रेष्ठ कादंबरी आहे. शेळके बोलीच्या आत बसून लिहितात; गोनीदा बोलीकडे परत येऊन लिहितात, आणि परत येणाऱ्याच्या डोळ्यांत थोडे पाणी असतेच. पण वऱ्हाडी बोलीत आख्खी कादंबरी उभी राहू शकते, तिला पुण्या-मुंबईचा प्रकाशक आणि वाचक मिळू शकतो, हे दाखवण्यात गोनीदांचाही वाटा आहे. आमच्याकडील बोलीविषयक प्रबंधांत ‘धग’ची प्रकरणेच्या प्रकरणे असतात आणि ‘पूर्णामायची लेकरं’ तळटिपेत. प्रमाण थोडे बदलायला हवे.

मग दुर्ग. गोनीदा वर्षानुवर्षे गडांवर गेले, तिथे मुक्काम केले, छायाचित्रे काढली, आणि तरुणांच्या पिढ्यांना बरोबर नेले. राजगडावर त्यांचा विशेष जीव. त्या काळी आज दिसतात तशा शनिवार-रविवारच्या झुंडी नव्हत्या, की पाठीवरच्या रंगीत पिशव्या नव्हत्या. शिवकाळावरच्या त्यांच्या कादंबऱ्या, म्हणजे ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’, या गडांवरच्या पायपिटीतून आल्या. त्यांत अनेकदा राजा थोडा दूर उभा असतो आणि गोष्ट चालते ती साध्या माणसांच्या खांद्यावरून. आम्हांला मात्र त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपेक्षा समकालीन कादंबऱ्यांतले सैनिक अधिक हलवून सोडतात. तुंग किल्ल्याची वंशपरंपरेने आलेली हवालदारी सांभाळणारा धोंडी पाहा. गडावर शिबंदी नाही, तोफ नाही, शत्रू तर केव्हाच निघून गेला. तरी हा हवालदार आहे. पद उरले आणि युद्ध संपले, अशा माणसाचे काय होते, हा त्या कादंबरीतला खरा पेच. किंवा मुंबईत उमेदीची वर्षे घालवून उतारवयात राजमाचीच्या माचीवर परतणारा बुधा. हा म्हातारा कोणाला काही शिकवीत नाही, कसली तक्रार करीत नाही. झाडे, पाखरे, जनावरे आणि तो. छावणीच्या गावात जन्मलेल्या, लढ्यासाठी घर सोडलेल्या लेखकाने लढाई संपल्यानंतरची ही दोन माणसे रंगवावीत, यात योगायोग किती आणि आत्मचरित्र किती, हे ठरवणे कठीण आहे.

आक्षेप आहेत, आणि ते टाळून गोनीदांवर लिहिणे म्हणजे आरती ओवाळणे होईल. त्यांचे खेडे फार सुंदर असते. ‘पडघवली’त अंबूवहिनीच्या तोंडून एक गाव मोडत जाताना दिसते. त्या मोडण्याची हळहळ आपल्याला भिडते. पण ते गाव उभे होते तेव्हा कोणाच्या पाठीवर उभे होते, हा प्रश्न कादंबरी पुरेसा विचारत नाही. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आणि १९७८ मध्ये ‘बलुतं’ आल्यावर मराठी वाचकाला हा प्रश्न टाळता येईना, आणि गोनीदांचे लेखन एकाएकी जुने वाटू लागले. ठाकर समाजावरची ‘जैत रे जैत’ याच सुमारास, १९७७ मध्ये, डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटामुळे घरोघरी पोचली. तिथेही आदिवासींकडे पाहणारी नजर बाहेरच्या पाहुण्याची आहे, असे म्हणता येते. पाहुणा प्रेमळ आहे, डोळे उघडे ठेवणारा आहे, पण पाहुणा आहे. हा आक्षेप आम्ही बव्हंशी मान्य करतो. एवढेच म्हणतो की हा पाहुणा त्यांच्याकडे चालत आला होता. ज्या काळात मराठी कथेचा मोठा भाग शहरी मध्यमवर्गाच्या मनात खोल उतरत होता, त्या काळात हा मनुष्य भाकरी बांधून धनगरवाड्यांत आणि ठाकरवाड्यांत मुक्कामाला जात होता. भाक्रा-नांगल धरणावर ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ लिहायला घेतले, तेव्हाही त्यांचे लक्ष अभियंत्यांइतकेच घमेली वाहणाऱ्यांवर होते. गाडगेबाबांच्या खराट्याचा हा दूरचा परिणाम म्हणावा काय?

घर सोडल्यापासूनची आपली कहाणी गोनीदांनी ‘स्मरणगाथा’त सांगितली. तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी आत्मचरित्रांत ती वेगळी पडते, कारण तिच्यात यशाचा आलेख नाही. भूक, वाटा, साधू, भोंदू, उपकारकर्त्या अनोळखी बायका आणि पुन्हा वाटा. साठीला आलेला लेखक मागे वळून त्या पोराकडे पाहतो, आणि त्याला मोठा करत नाही.

फेब्रुवारी १९८१ मध्ये पंचावन्नावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अकोल्याला भरले आणि अध्यक्षपदी होते गो. नी. दांडेकर. अकोल्याच्या संमेलनांचा एक धागा इथे जुळतो. १९१२ मध्ये अकोल्यालाच संमेलन झाले होते, तेव्हा अध्यक्ष होते हरि नारायण आपटे, ‘गड आला पण सिंह गेला’चे कर्ते. ज्यांनी मराठी कादंबरीत गड उभे केले ते, आणि ज्यांनी त्या गडांवर मुक्काम केला ते, असे दोघेही एकोणसत्तर वर्षांच्या अंतराने याच गावी अध्यक्ष म्हणून बसले. आणि हे गाव तर सह्याद्रीपासून शेकडो कोस दूर, सपाट काळ्या रानातले. पासष्टीला टेकलेले गोनीदा त्या वेळी जिथे उभे होते तिथून दापुरी जवळ होती, दहीहांडा त्याहून जवळ, आणि परतवाडा तर मूर्तिजापूरहून निघणाऱ्या नॅरोगेजच्या गाडीने अचलपूरपर्यंत गेले की शेजारीच. ती गाडी तेव्हा चालू होती.

१ जून १९९८ रोजी ते गेले. वीणाताईंनी ‘आशक मस्त फकीर’मध्ये वडिलांविषयी लिहिले आहे, २९ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याही गेल्या. गोनीदांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ सह्याद्रीकडे उभे आहे. इकडे गाविलगडच्या दरवाजावर पावसाळ्यात धुके उतरते, चिखलदऱ्याला आलेले प्रवासी तिथे छायाचित्रे काढतात, आणि खाली उतरून परतवाड्याच्या चौकात चहा पितात. पूर्णेच्या पट्ट्यात विहिरींचे पाणी अजून खारेच आहे.